टॉप स्पीडच्या तक्त्यात घाट कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या आलिशान मोटारींवरचा लेख वाचला, फोटो एकदम झकास होते, पण सोबत जो तक्ता दिलाय ना, कुठली गाडी किती हॉर्सपॉवरची आणि टॉप स्पीड किती, त्यावरून कुठली गाडी भारी ते ठरवणं काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

नेपियर 65 हॉर्सपॉवरची आणि रोल्स रॉइस (म्हणजे तिची सिल्व्हर घोस्ट) 40/50 ची, म्हणून नेपियर जास्त ताकदवान असं तुम्ही धरलंय. पण त्या काळचा नावातला आकडा म्हणजे आजची बीएचपी, इंजिनाची प्रत्यक्ष मोजलेली ताकद, नव्हे. ब्रिटनमध्ये टॅक्ससाठी वापरायचे तो आरएसीचा (तिथल्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबचा) फॉर्म्युला तर नुसता सिलिंडरचा व्यास आणि संख्या बघायचा, स्ट्रोक, म्हणजे पिस्टन किती वरखाली जातो ते, धरायचाच नाही. सिल्व्हर घोस्टचा स्ट्रोक वाढवून इंजिन 7,036 सीसीचं 7,428 सीसी केलं तरी हा आकडा तसाच राहिला, 48.6!

या दोघींची 1911 ची चुरस लेखात एका ओळीत उरकली. नेपियरने लंडन ते एडिंबरा आणि परत असा सगळा प्रवास टॉप गिअरमध्ये केला, आरएसीच्या देखरेखीखाली, गॅलनला 19.35 मैल, आणि नंतर इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या रेसिंग ट्रॅकवर ताशी 76.42 मैल. त्याच वर्षी रोल्स कंपनीच्याच अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी रोल्स तशीच चालवली, गॅलनला 24.32 मैल आणि ट्रॅकवर 78 च्या वर. आपल्या हिशोबात लिटरला साधारण 6.9 किमी विरुद्ध 8.6 किमी. आता टॉप गिअरच का, तर तेव्हा गिअर अलगद पडायला मदत करणारं सिंक्रोमेश नव्हतं, डबल क्लच (दोनदा क्लच दाबून) मारून गिअर टाकायचा, जरा चुकलं की दात खरखरायचे, त्यामुळे गिअर न बदलता गर्दीत हळू चालणारी आणि गचके न खाता परत वेग घेणारी गाडी लोकांना हवी असायची.

पण माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. 1912 च्या ऑस्ट्रियातल्या आल्प्स ट्रायलमध्ये, म्हणजे डोंगरी रस्त्यांवरच्या गाड्यांच्या परीक्षेत, जेम्स रॅडली यांची सिल्व्हर घोस्ट काट्शबर्ग घाटाच्या चढावर अडकली. इंजिन तगडं होतं, पण गिअर तीनच, आणि पहिला गिअर असल्या खड्या चढाला पुरेना. कंपनीने आधीचा चार गिअरचा बॉक्स 1909 मध्येच काढून टाकला होता. 1913 ला चार गिअरच्या गाड्या नेल्या आणि तेच घाट दणक्यात चढले. सपाट रस्त्यावर जिंकणारी गाडी घाटात दम टाकते ती अशी, आणि हे तुमच्या तक्त्यात दिसतच नाही.

आणि उतरायचं काय? सिल्व्हर घोस्टला अगदी शेवटच्या काळापर्यंत पुढच्या चाकांना ब्रेक नव्हते, उलट हिस्पानो-सुइझा कंपनीने 1919 मध्येच आपल्या एच6 गाडीला चारही चाकांना सर्वो ब्रेक (पायाच्या दाबाला यंत्राची जोड देणारे) दिले, आणि पुढे रोल्सनेच त्या सर्वोचं लायसन्स घेतलं. भरल्या गाडीने ज्याने आंबा घाट उतरलाय त्याला यातला फरक वेगळा सांगावा लागत नाही, माझ्या मते या बाबतीत हिस्पानो सरळ सरळ पुढे होती.

सगळ्यात जास्त चुटपुट एकाच गोष्टीची लागली. 1908 मध्ये मुंबई-कोल्हापूर रिलायबिलिटी ट्रायल (गाडी किती भरवशाची ते बघणारी शर्यत) झाली, 620 मैल, सह्याद्रीचे घाट, त्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची सिल्व्हर घोस्ट जिंकली आणि ती पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. आपल्याच रस्त्यांवर झालेली परीक्षा मराठी पेपरातच नाही हे वाईट वाटतं हो. पुढच्या पुरवणीत अर्धं पान तरी या ट्रायलला द्या, आणि जमलं तर त्या तक्त्यात गिअर किती आणि ब्रेक किती चाकांना हे दोन रकाने वाढवा.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर