परवानगी दिलेलं नाटक आदल्या रात्री रद्द : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

मी ठाण्यात शाळकरी मुलांची नाटकं बसवतो, १४ वर्षं झाली. गेल्या शुक्रवारी एका शाळेत आमचा प्रयोग होता. नववीची १८ मुलं, पाच आठवडे तालीम. आदल्या रात्री फोन आला, "पालकांची तक्रार आहे, नाटक रद्द." याच शाळेने जूनमध्ये संहिता वाचून होकार दिला होता. तक्रार कुणाची, लेखी आहे का, अजून कुणी सांगत नाही. तीन ठिकाणी खेटे घातले, प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

नाटक वीस मिनिटांचं. एका मुलाला त्याच्या चालण्या-बोलण्यावरून वर्ग रोज छळतो. पद्धत ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांची : प्रेक्षकांतल्या कुणीही "थांबा" म्हणायचं, मंचावर यायचं आणि तोच प्रसंग वेगळा वागून दाखवायचा. तालमीत एकदा मागच्या बाकावरची मुलगी उठली. एरवी हजेरीलाही जेमतेम ऐकू येईल असं बोलणारी. तिने त्या मुलाचं फेकलेलं दप्तर उचललं, झटकलं, आपल्या शेजारी ठेवलं आणि म्हणाली, "चल, डबा खाऊ." चिडवणाऱ्या पोरांना पुढचे संवादच सुचेनात. यात आक्षेपार्ह काय आहे, साहेब?

मी समलिंगी आहे. मला काम देणाऱ्या शाळांना हे ठाऊक नाही. आता होईल, कदाचित काम जाईल. १९९६ साली मी कळव्याच्या एका शाळेत आठवीत होतो. स्नेहसंमेलनात सरांनीच मला बाईचं काम दिलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून मी 'बायल्या'. पीटीच्या तासाला अख्ख्या रांगेसमोर मला दोनदा चालायला लावलं, सर स्वतः हसले. मुतारीत पोरं अडवायची, म्हणून मी दिवसभर पाणी प्यायचो नाही. दोन वर्षं. आईला वाटायचं, उन्हाने डोकं दुखतंय. सांगावं असा एकही माणूस त्या इमारतीत नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुली आणि ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांसाठी निधी सांगितला आहे. मग २०२१ मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे शालेय पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ट्रान्सजेंडर मुलांविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि ओरड होताच थोड्याच दिवसांत ती संकेतस्थळावरून उतरवली. तिकडे पुस्तिका गेली, इकडे नाटक. ओरडणाऱ्यांचं ऐकलं जातं. ज्या पोराचं दप्तर फेकलं जातं, त्याला कोण विचारतं? शाळेच्या पटांगणावर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मांडव पडतो, तेव्हा कुणी पालकांची परवानगी घेतं का? विजय तेंडुलकरांनी समलिंगी मुलीला मध्यभागी ठेवून 'मित्राची गोष्ट' हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं ते १९८१ मध्ये. चाळीसहून जास्त वर्षं लोटली आणि आम्हाला "चल, डबा खाऊ" एवढंही म्हणता येत नाही!

मंजूर झालेलं नाटक लेखी कारणाशिवाय कुणी रद्द करू नये, असा आदेश काढा. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा विषय आणा. आणि प्रत्येक शाळेत निदान एक समुपदेशक द्या, ज्याच्या खोलीचं दार लागतं.

प्रमुख काम करणाऱ्या मुलाने मला विचारलं, "सर, माझंच काम वाईट होत होतं का?" सोमवारी मी पुन्हा त्या वर्गावर जातोय. त्याला काय सांगू, ते मला लेखी कळवा.

आपला,
एक नाट्यप्रशिक्षक, ठाणे