औदुंबराकडे संदेश मागू नका : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

मी दहावीला मराठी शिकवतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे रसग्रहणाचे तीन कप्पे आमच्या मुलांना झोपेतही पाठ असतात. त्यांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘कवितेतून मिळणारा संदेश’ या मुद्द्याला. कविता निसर्गाची असली की उत्तर ठरलेले : निसर्गावर प्रेम करा, झाडे लावा. गाईडवाल्यांची सोय होते, एवढेच.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या आठ ओळी. त्यात संदेश शोधून दाखवा! पण मोठ्याने वाचून बघा. पहिल्या चार ओळी आठ-आठ मात्रांवर (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन) विसावत जातात : ‘ऐल तटावर / पैल तटावर / हिरवाळी घेउन’. झरा, चार घरांचे गाव, शेतमळे, सगळे कसे ठाकठीक. मग पायवाट येते : ‘पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे’. इथे आठव्या मात्रेवर थांबू गेलात तर ‘पांढरी’ मधोमध तुटते. मात्रा आधीच्या ओळीइतक्याच, २७. विसावा तेवढा पुढे सरकलेला. वाट अडवीतिडवी, तशीच ओळही. आणि ती निघालीय काळ्या डोहाकडे. शेवटच्या दोन ओळींत लय पुन्हा आठ-आठवर येते, पण आता पाण्यावर ‘गोड काळिमा’ पसरलेला असतो.

हा भाव प्रसन्न की उदास? यावरून वर्गात भांडण जुंपते, आणि जुंपावेच. कवी १९१८ साली, वयाच्या २७ व्या वर्षी रेल्वेखाली गेले, म्हणून डोह म्हणजे मृत्यू, असे सांगून काही जण मोकळे होतात. मला ती घाई वाटते.

तेव्हा निसर्गकवितेपुरता तरी संदेशाचा मुद्दा काढून टाकावा. त्याऐवजी चार ओळी देऊन विचारावे : लय कुठे बदलते, आणि तिथे तुम्हाला काय वाटते? उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनाही लेखी सूचना हवी की, ओळींचा आधार दिला असेल तर ‘प्रसन्न’ लिहिणाऱ्याला आणि ‘उदास’ लिहिणाऱ्याला सारखेच गुण द्यावेत. नाहीतर नमुना उत्तराशी जुळेना म्हणून चांगल्या उत्तराचा गुण कापला जातो. तोंडी परीक्षा तर आहेच. तिथे मुलांकडून एखादी कविता चालीवर म्हणवून घ्यायला काही खर्च येत नाही.

आपला,
दहावीचा एक मराठी शिक्षक