सुदर्शन चक्राचे करार करण्यापूर्वी: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री,
सादर नमस्कार.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून 'मिशन सुदर्शन चक्र'ची घोषणा झाली. २०३५ पर्यंत देशातल्या महत्त्वाच्या ठिकाणांवर हवाई हल्ल्यांपासून संरक्षक कवच उभे करायचे आहे. एवढ्या मोठ्या कामात कुठे ना कुठे परदेशी भागीदार लागणार, हे मी धरून चालतो, आणि त्याला माझा विरोध नाही. काळजी वाटते ती करारांची.

अमेरिका, जर्मनी आणि इटली यांच्या 'मीड्स' या हवाई संरक्षण क्षेपणास्त्र यंत्रणेच्या प्रकल्पाची फाइल आपण एकदा मागवून घ्यावी. खर्चाचा ५८ टक्के भार अमेरिकेवर, २५ टक्के जर्मनीवर, उरलेला इटलीवर. फ्रान्स सुरुवातीलाच बाहेर पडला होता. २०११ मध्ये अमेरिकेने जाहीर केले की विकासाचे काम पूर्ण करू, पण ही यंत्रणा विकत घेणार नाही. मग पैसे ओतत का राहिले? कारण मध्येच अंग काढून घेतले असते तर करारानुसार भरपाई द्यावी लागली असती. नोव्हेंबर २०१३ मध्ये या यंत्रणेने विरुद्ध दिशांनी आलेली दोन लक्ष्ये एकाच वेळी पाडली. म्हणजे तंत्रज्ञान फसले नव्हते. तरीही ती कोणत्याच सैन्यात दाखल झाली नाही. मला यातले सर्वांत जास्त हेच खुपते.

आपल्याकडचा बराक-८ या हवाई संरक्षण क्षेपणास्त्राचा अनुभव पुष्कळच चांगला आहे. इस्रायलबरोबरच्या या प्रकल्पात दुहेरी स्पंदाची (दोन टप्प्यांत जोर देणारी) रॉकेट मोटर डीआरडीओने बनवली, हे आपल्या शास्त्रज्ञांचे मोठे यश. पण आयएनएस कोलकाता ऑगस्ट २०१४ मध्ये नौदलात आली आणि तिच्यावरून हे क्षेपणास्त्र पहिल्यांदा डागले गेले ते डिसेंबर २०१५ मध्ये. सव्वा वर्षाहून जास्त काळ नवी कोरी युद्धनौका आपल्या मुख्य हवाई कवचाची वाट पाहत होती. उशिराचा खर्च ताळेबंदात दिसत नाही, तो नौसैनिक सोसतात.

आणखी एक गाठ निर्यातीची. 'ॲरो-३' हे इंटरसेप्टर, म्हणजे शत्रूचे क्षेपणास्त्र वाटेतच पाडणारे क्षेपणास्त्र, इस्रायलने अमेरिकेच्या सहभागाने विकसित केले, म्हणून २०२३ मध्ये ते जर्मनीला विकताना अमेरिकेची परवानगी घ्यावी लागली. उद्या एखाद्या मित्रदेशाने आपल्याकडे इंटरसेप्टर मागितले, तर आपल्याला कोणाची परवानगी मागावी लागेल?

म्हणून विनंती अशी. सह्या होण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी ठरू द्या: सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणाच्या ताब्यात राहील, निर्यातीचा हक्क कोणाचा, आणि भागीदार निघून गेला तर उरलेले काम कोणाच्या पैशांनी पुरे होईल. गोपनीय तपशील झाकून ठेवा. पण पुढच्या तीस वर्षांचा देखभालीसह अंदाजे खर्च संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे करारापूर्वीच ठेवा. सही झाल्यावर ठेवलेला आकडा समिती फक्त वाचू शकते, बदलू शकत नाही.

आपला नम्र,
एक करदाता नागरिक