प्लॅन वाढवायच्या आधी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मग मला कुणाचंच नीट ऐकू येत नाही, म्हणून सरळ लिहूनच पाठवते आहे. बाबा, याचं प्रिंट काढून नव्या कॉम्प्युटरशेजारी ठेवा. पण आधी आईला वाचू दे. यातली सगळ्यात कामाची गोष्ट तिनेच सांगितली आहे, आणि तुम्ही ती हसण्यावारी नेलीत.

पहिलं म्हणजे, नव्या कॉम्प्युटरवर वायरने नेट हळू चालतं म्हणून प्लॅन वाढवू नका. इंटरनेटवाला मुलगा म्हणतो ‘काका, तीनशेचा वेग पुरत नाही, पाचशे घ्या’. दुकानदार म्हणतो बोर्डावरचा पोर्ट, म्हणजे वायर लावायची खाच, गेला असणार, मदरबोर्ड काढून आणा. दोघांनाही थोडे दिवस थांबवा. तुम्ही हाताने जोडलेल्या मशीनवर माझा तरी संशय नाही.

कारण तुम्हीच लिहून ठेवलेले आकडे. संध्याकाळी वायरवर वेग ९४ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट), परत ९४, मग ९३.८. त्याच वेळी हॉलमध्ये मोबाइलवर वायफायने २८०. म्हणजे बाहेरून घरात येणारी लाइन ठणठणीत आहे. आणि ‘संध्याकाळी सगळी कॉलनी नेटवर असते, लोड येतो’ हे तुमचं म्हणणं खरं असतं तर मोबाइलचाही वेग पडला असता. शिवाय लोडचा आकडा वरखाली नाचतो, दरवेळी ९४वर येऊन अडत नाही. ९४ हा १०० एमबीपीएसच्या जोडणीचा ठरलेला आकडा आहे. वायरीवरून डेटाचं एक पाकीट जायला १५३८ बाइट लागतात, त्यात आपला माल १४६० बाइटच. बाकी पत्ता, तपासणी आणि मधली मोकळी जागा. भागाकार करून बघा, ९५च्या आतच उत्तर येतं. (डाउनलोड करताना ११ दिसतं म्हणून वैतागला होतात ना? ते मेगाबाइट असतात. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे ९४ भागिले ८. तो आणखी वेगळा बिघाड नाही.)

आता १००च का? त्या निळ्या वायरीच्या आत आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र चारही जोड्या लागतात. कॉम्प्युटर सुरू झाला की तो आणि राउटर लग्नाच्या बैठकीसारखी बोलणी करतात, दोन्हीकडच्यांना झेपेल तो वेग ठरतो. बाकीच्या चार तारांतली एक जरी दगा देत असली तरी हजारावरून खाली उतरून शंभरावर तडजोड होते. कुठे लाल दिवा लागत नाही, स्क्रीनवर काही सूचना येत नाही. आणि एकदा ठरलं की जोडणी तुटून पुन्हा जुळेपर्यंत तेच चालू राहतं.

आता आईचं वाक्य. ‘सकाळी बरं चालतं गं, दिवेलागणीनंतर रडतं.’ सकाळी झाडताना आई मागच्या खोलीची खिडकी सताड उघडते आणि बाबा तेव्हाच कॉम्प्युटर लावतात. संध्याकाळी थंडी. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या आल्या की इंदिरानगरात तुमच्या खिडक्या पाचलाच बंद. आणि आपली वायर हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून त्याच सरकत्या खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून आत आली आहे! खिडकी लावली की वायर चेपते, आणि चेपलेल्या वायरीवर कॉम्प्युटर सुरू केला की बोलणी शंभरावर मिटतात. माझा अंदाज हाच आहे.

खात्री करायला आधी सोपं काम. खिडकी बंद करून कॉम्प्युटर सुरू करा. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, तिथे ‘लिंक स्पीड’समोर काय आहे बघा, १००/१०० की १०००/१०००. मग खिडकी उघडून कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा आणि परत बघा. एवढ्यात कळेल.

पण तुम्हाला एवढ्याने समाधान होणार नाही हे मला माहीत आहे. ओझरला जन्मभर विमानांच्या वायरिंगची कंटिन्युइटी (तार मध्ये कुठे तुटली नाही ना, हे) तपासलेल्या माणसाला मी काय शिकवणार, पण मल्टिमीटर काढाच. वायर दोन्हीकडून सोडवा. राउटरकडचा प्लग कापा (तो नाहीतरी नवा लावायचाच आहे) आणि तपकिरी व पांढरी-तपकिरी या दोन तारांची टोकं सोलून एकमेकांना पिळा. दुसऱ्या टोकाला प्लगच्या ७ आणि ८ नंबरच्या सोनेरी पिनांवर मीटरची टोकं धरा. बझर वाजेल. आता आईला खिडकी हळूहळू सरकवायला सांगा. बझर मध्येच तुटला की चोर सापडला. नाहीच तुटला तर निळ्या जोडीवर तेच करा, पिन ४ आणि ५. तरीही वाजतच राहिला तर भिंगातून प्लग बघा, आठही तारा टोकापर्यंत पोचल्यात का. बोर्डावर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी.

आणि ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन कुणालाही वेग हाताने ठरवू देऊ नका. ‘ऑटो’च राहू दे. तांब्याच्या वायरीवरच्या गिगाबिटला ती बोलणी व्हावीच लागतात.

नवी वायर आणाल तेव्हा ‘कॅट ५ई’ दर्जाची पुरते, गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं, आपलं अंतर त्याच्या आसपासही नाही. कॅट ८ वगैरे म्हणून महागडं काही गळ्यात मारतील तर घेऊ नका. तार मात्र शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमचीही मिळते, ती वाकवली की लवकर तुटते. ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढुरकी निघाली तर परत करा.

आई, तुझ्या व्हिडिओ कॉलला ९४ खूप झाले, त्याला पाचही लागत नाहीत. मी मध्येच थिजते आणि तू ‘अडकली बघ’ म्हणतेस, ते वेगामुळे नसावं. वायर ढिली असली की जोडणी काही सेकंद सुटते आणि पुन्हा जुळते, तेव्हा तसं होतं. त्यामुळे ही वायर बदलली की तुझंही काम होईल असं वाटतं.

बाकी इकडे सगळं ठीक. पुण्यात अजून म्हणावी तशी थंडी नाही.

तुमची,
मनू

ता. क. नवी वायर खिडकीतून नको. भिंतीला भोक पाडून केसिंग पट्टीतून न्या, ड्रिलला इलेक्ट्रिशियन बोलवा, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. भोक पाडायच्या आधी त्या भिंतीतून लाइटची वायर कुठून गेली आहे ते त्याला दाखवा, आणि ही वायर तिला चिकटून नेऊ नका.