जांभळी टॉर्च आणि वरणाची पळी

ती. काका,
सा. न.

हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण सहा वर्षांचं कुत्रं घरात शू करतं हे कुणी कुणाला सांगत नाही. आम्हीही पाहुणे यायच्या आधी धूप लावून गप्प बसायचो.

गोदावरीकाठच्या दुतोंड्या मारुतीला पुराचं पाणी लागलं त्या आठवड्यात आमच्या राणीनं पहिल्यांदा दिवाणाजवळ शू केली. वाटलं, पावसाला कंटाळली असेल. पाऊस उघडला तरी थांबेना. मग मी ओरडले, एकदा पेपरची सुरळी करून मारलंही. त्याचा परिणाम एवढाच, की ती दिवाणाच्या मागे लपून करायला लागली.

जिन्यात मी तुमच्यापुढे तिची गाऱ्हाणी गात होते आणि तुम्ही तिच्याकडे बघत होतात. "थोडी थोडी, सारखी करते का?" करत होती, काका. सारखी चाटतही होती, आणि मला ते दिसत असून सुचलं नव्हतं. "आधी लघवी तपासा, शिस्तीचं नंतर बघू," म्हणालात आणि काकूंची जुनी वरणाची पळी हातात दिलीत.

पहाटे साडेपाच, एका हातात छत्री, दुसऱ्यात पळी. राणी बसली की मागून हळूच सरकवायची. दोनदा ती दचकून उठली आणि "हे काय चाललंय" अशा नजरेनं बघत राहिली. तिसऱ्यांदा दोन चमचे मिळाली. डबीत भरून लगेच दवाखान्यात नेली. इन्फेक्शन निघालं. मादीचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे जंतू लवकर वर चढतात, असं डॉक्टर म्हणाल्या. गोळ्यांचा कोर्स संपला, पुढची तपासणी स्वच्छ आली, तरी दिवाणाजवळचं चालूच. तेव्हा मात्र मी रडकुंडीला आले.

नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये नोकरी काढलेल्या माणसाच्या घरी नोटा बघायची जांभळी टॉर्च असणारच! रात्री नऊला आलात, सगळे दिवे घालवायला लावलेत. मी रोज फिनाईलनं पुसत होते तो चौकोन चमकलाच. शिवाय दिवाणाचा मागचा पाय, चपलांच्या स्टँडखालची फरशीची सांध, पडद्याची कड, सगळीकडे पिवळट हिरवे डाग. "तुम्हाला आज दिसलं, तिला रोज वास येतोय. तिच्या लेखी ही मोरीच आहे."

फिनाईल त्याच दिवशी बंद केलं. त्यानं वास जात नव्हताच, वर ते कुत्र्याला घातक. शूचा वास मुळातून घालवणारं एन्झाइमचं क्लीनर सांधीत ओतून पंधरा मिनिटं मुरू दिलं, मग टिपलं. दर तीन तासांनी खाली, आणि शू झाली की तिथल्या तिथे उकडलेल्या चिकनचा तुकडा. घरी आल्यावर दिला तर तिला तो घरी आल्याबद्दल वाटतो, हे मला कधी सुचलं नसतं. पेपरची सुरळी तुम्ही "वाचून देतो" म्हणून घेऊन गेलात. अजून दिली नाहीत. नकोच.

फरशी आता कोरडी असते. विसर्जनाच्या ढोलांना घाबरून एकदा झाली, ती मी धरत नाही.

टॉर्चचे सेल आमच्याकडे संपले. नवे घालून रविवारी पळीसकट आणून देते. पळी काकू परत घेणार नाहीत, माहीत आहे, तरी.

तुमची,
खालच्या मजल्यावरची