चार शुभवर्तमानांतल्या स्त्रिया एकीत कालवू नका

प्रति,
संपादक,

महोदय,

पवित्र आठवड्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘पतिता असलेल्या मग्दालिया मरियेने आसवांनी प्रभूचे पाय धुतले आणि बेथानीत त्याच्या मस्तकी सुगंधी तेल ओतले’ अशा आशयाचे एक वाक्य त्यात आहे. लेखकाचा भाव आदराचा आहे, याबद्दल शंका नाही. पण त्या एका वाक्यात निदान तीन स्त्रिया एक झाल्या आहेत. शिवाय मग्दालिया मरिया पतिता होती, असे येशूचे चरित्र सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारपैकी एकाही शुभवर्तमानात लिहिलेले नाही. महिला दिनाच्या भाषणांतही मी हे ऐकत आले आहे, म्हणून आता लिहिते.

वसईत मराठी शिकवून मी निवृत्त झाले. आमच्या धर्मग्रामात उपवासकाळात बायकांचा बायबल अभ्यासगट बसतो. यंदा आम्ही येशूला सुगंधी तेल लावण्याचा हाच प्रसंग घेतला होता. फुलस्केप कागदाला चार उभे रकाने पाडायचे आणि मत्तय २६, मार्क १४, लूक ७, योहान १२ हे उतारे शेजारी शेजारी वाचायचे. घर कोणाचे, दिवस कोणता, तेल डोक्यावर की पायांवर, कुरकुर कोणी केली, हे ज्याचे त्याच्या रकान्यात लिहायचे. एका रकान्यातले दुसऱ्यात न्यायचे नाही, एवढा एकच नियम.

मार्कच्या रकान्यात बेथानी गाव, शिमोन कुष्ठरोग्याचे घर, वल्हांडण हा यहूदी सण दोन दिवसांवर आलेला. नाव नसलेली एक स्त्री कुपी फोडते आणि तेल येशूच्या मस्तकावर ओतते. जुन्या करारात शौलाला आणि येहूला राजा म्हणून अभिषेक झाला तो असाच, डोक्यावर. येशू मात्र म्हणतो, तिने माझ्या दफनासाठी हे केले. आधीच्या ओळींत याजक त्याला मारण्याचा बेत करत आहेत आणि नंतरच्या ओळींत त्याचाच शिष्य यहूदा त्याला धरून द्यायला निघाला आहे. या दोन कारस्थानांच्या मधोमध मार्कने या बाईला बसवले आहे. हे रकाने पाडल्याशिवाय माझ्या कधी डोळ्यांत भरले नव्हते.

योहानाकडे तेच बेथानी, पण वल्हांडणाला सहा दिवस आहेत. मार्था वाढते आहे, मेलेला उठवलेला लाजार पंगतीला आहे आणि त्यांची बहीण मरिया तेल पायांना लावून केसांनी पुसते. ‘घर सुगंधाने भरून गेले’ हे फक्त योहान सांगतो. एकच अध्याय मागे, लाजाराच्या कबरेपाशी, याच मार्थेने आता दुर्गंधी येत असेल म्हणून धोंड काढायला हरकत घेतली होती. आणि एक अध्याय पुढे येशू स्वतः शिष्यांचे पाय धुतो. म्हणून योहानाच्या गोष्टीत पायच हवेत. तिथे मार्कचे मस्तक आणून बसवले की योहानाची सगळी वीण उसवते.

कुरकुर कोणाची, हा रकाना आमच्या गटात सर्वात जास्त वेळ चालला. मार्क म्हणतो ‘कित्येक जण’, मत्तय सरळ ‘शिष्य’ म्हणतो, योहान एकट्या यहूदाचे नाव घेतो आणि तो थैलीतले पैसे चोरत असे, हेही सांगतो. योहान वाचून उठलेल्या माणसाला वाटते, दोष चोराचा होता. मत्तय वाचल्यावर तशी सुटका नाही. गोरगरिबांचे नाव पुढे करून बाईला टोचणारे तिथे सगळेच शिष्य आहेत. तेलाची किंमत तीनशे दीनार सांगितली आहे. मत्तयच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्यात दिवसाची मजुरी एक दीनार. वाडीत रोजंदारीवर जाणाऱ्या आमच्यातल्या एका बाईने शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, वगळून लगेच हिशेब केला: वर्षभराची मजुरी. मार्क आणि योहान या तेलाला जटामांसीचे म्हणतात. जटामांसी हिमालयातली वनस्पती. त्या काळी ती भडोचच्या बंदरातून रोमन जगात जात असे. किंमत का चढली, हे त्यावरून कळते.

लूकचा प्रसंग मला वेगळाच वाटतो. तो येशूच्या गालीलातल्या कार्याच्या काळात येतो, शेवटच्या, दुःखसहनाच्या आठवड्यात नाही. घर शिमोन नावाच्या परुश्याचे, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाचे. शिमोन हे नाव इतके सर्रास होते की बारा शिष्यांतच दोन शिमोन आहेत. पैशाची कुरकुर इथे कोणी करत नाही. यजमानाला खुपतो तो त्या स्त्रीचा स्पर्श, आणि येशू त्याला पाचशे आणि पन्नास दीनारांच्या दोन ऋणकऱ्यांचा दाखला देतो. ती नगरातली पापी स्त्री होती, एवढेच लूक लिहितो. पाप कोणते, हे सांगत नाही. केसांनी पाय पुसणे लूक आणि योहान दोघांकडे आहे, ही अडचण खरी आहे. ती आम्ही कागदावर तशीच ठेवली.

मग मग्दालिया? लूकच्या पुढच्याच अध्यायात तिचे नाव प्रथमच येते, ते हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना आणि सुसान्ना यांच्यासोबत. तिच्यातून सात भुते निघाली होती आणि या स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने येशूची सेवा करत होत्या. पुढे रिकाम्या कबरेपाशी ती चौघांच्याही शुभवर्तमानांत आहे. मग्दालिया, बेथानीची मरिया आणि लूकमधली पापी स्त्री या तिघींना एक केले ते पोप थोर ग्रेगरी यांनी ५९१ सालच्या एका प्रवचनात. पूर्वेकडच्या चर्चने त्या वेगळ्याच मानल्या. रोमन कॅथलिक चर्चच्या दिनदर्शिकेनेही १९६९ मध्ये ही सरमिसळ सोडली. २०१६ मध्ये मग्दालियेच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला आणि २०२१ पासून २९ जुलै हा मार्था, मरिया आणि लाजार या भावंडांचा दिवस झाला.

चार जण चार तऱ्हेने सांगतात म्हणजे गोष्टच खोटी, असे मला काही जणांनी ऐकवले आहे. ही तफावत जुन्या चर्चला ठाऊक नव्हती असे नाही. दुसऱ्या शतकात तातियान या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमाने गुंफून एक सलग कथा केली होती आणि सिरियात ती बराच काळ वाचली जाई. पाचव्या शतकात तिथले बिशप थिओडोरेट यांनी तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने दिली. सलग, सोयीची गोष्ट हाताशी असताना चर्चने चार साक्षीदार ठेवले, आणि त्यांचे वेगळेपण मला विश्वासाला बळ देणारेच वाटते.

माझी विनंती एवढीच, की २२ जुलैला मग्दालियेवर लेख आलाच, तर लूक ८ मधल्या पहिल्या तीन ओळी आणि योहानाचा विसावा अध्याय लेखकाने पुढ्यात ठेवावा. आणि बेथानीचा उल्लेख असेल तर हे चारही उतारे शेजारी शेजारी चौकटीत छापावेत. मोठे नाहीत ते, पाव पानात बसतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वसई