ताम्हिणीतल्या टेम्पोवाल्या दादांना थँक्यू!

शुक्रवारी ऑफिसचं काम आटोपलं आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कसेबसे सुटून माणगावकडे निघालो, सोबत बायको आणि आई. (गाडीचा ईएमआय भरायचा तो दोन दिवस शहराबाहेर पळता यावं म्हणूनच ना.) मुळशी मागे पडली आणि ताम्हिणी घाटात टेम्परेचरचा काटा एकदम वर, बॉनेटमधून वाफ, कूलंटचा पाइप टोकाशी फुटलेला. पाऊस, अंधार पडत आलेला, मोबाईलला रेंज नाही.

तेवढ्यात भाजीचा रिकामा टेम्पो थांबला. दादा उतरले आणि पहिलं वाक्य, "झाकणाला हात नका लावू, उकळतं पाणी तोंडावर येतं, आधी थंड होऊ द्या." मग आमच्याबरोबर तेही थांबले, घरी जायची घाई त्यांनाही असणारच की. नंतर पाइपचं फाटलेलं टोक ब्लेडने कापलं, उरलेला ओढून परत बसवला, क्लिप आवळली, आणि त्यांच्याबरोबरच्या पोराने ओढ्यावरून कॅन भरून पाणी आणलं.

आई कुडकुडत होती. तिला न विचारताच केबिनमध्ये बसवलं, स्वतःची शाल दिली, वर म्हणाले, "आजी, तुम्ही पाय वर घेऊन निवांत बसा." पैसे काही केल्या घेतले नाहीत. उलट "हळू चालवा, काट्यावर लक्ष ठेवा, मी मागेच आहे" म्हणत निजामपूरपर्यंत आमच्या मागे आले आणि हॉर्न वाजवून निघून गेले, नंबर घ्यायचाही राहिला.

दादा, मनापासून आभार, त्या पोराचेही. माणगाव साइडला कोणाला माहीत असतील तर कळवा, टेम्पोवर निळी ताडपत्री होती. शाल आमच्याकडेच राहिलीय, आईने धुऊन ठेवलीय.